खोकल्याचा दिवस कितवा?

पत्र: "डॉक्टर, नमस्कार. माझं वय ५४, राहणार सांगली जिल्हा. लेक बाळंतपणाला माहेरी आलीय, नात आज २६ दिवसांची आहे. मला पाच आठवडे झाले, खोकला आहे. ताप नाही, पण रात्री उबळ आली की थांबत नाही, कधीकधी जेवलेलं उलटून पडतं. पहिले दोन आठवडे सिरप पिऊन अंगावर काढलं. तिसऱ्या आठवड्यात पाच दिवस ॲझिथ्रोमायसिन घेतलं. एरवी बीपीची गोळी सोडून मला कसलं औषध नाही. चौथ्या आठवड्यात आमच्या डॉक्टरांना डांग्या खोकल्याची, म्हणजे पर्ट्युसिसची, शंका आली. घशातल्या स्वॅबचा पीसीआर केला, निगेटिव्ह. रक्तातलं पर्ट्युसिस आयजीजी केलं, पॉझिटिव्ह, ३८ युनिट. इंग्लंडला असलेला भाचा म्हणाला कल्चर सगळ्यात खात्रीचं, तिकडे तर लाळेची टेस्ट घरी येते. म्हणून कल्चरही केलं. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, 'नॉर्मल फ्लोरा'. साडेसात हजार गेले आणि डोकं फिरायची वेळ आली. जाऊबाई म्हणतात, डांग्या पोरांना होतो, आपल्या वयात कुठला? लेकीला सातव्या महिन्यात इंजेक्शन दिलं तेव्हा डॉक्टर म्हणाले घरातल्यांनीही घ्या, तेव्हा मीही घेतलं होतं, नाव आठवत नाही. थोरल्याचा मुलगा नऊ वर्षांचा, तोही दहा दिवस खोकतोय. बाळाला खोकला नाही, पण कालपासून नाक चोंदलंय. यातला खरा रिपोर्ट कोणता? चौथी टेस्ट कुठली करू? आणि नातीला मांडीवर घेऊ की नको?"

ताई, तुमची मेल वाचली त्याच दुपारी दोन ओळींचं उत्तर धाडलं होतं, ते इथेही पहिलं देते. बाळाला आजच्या आज बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सव्वा महिना झाल्याशिवाय बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही वगैरे या वेळी बाजूला ठेवा. तिथे गेल्यावर 'नाक चोंदलंय' यापासून सुरुवात करू नका. 'घरात दोघंजण उबळी येऊन खोकतायत, डांग्याची शंका आहे' हे वाक्य आधी सांगा. डांग्याची सुरुवात साध्या सर्दीसारखीच असते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात नुसतं बाळाकडे बघून कुणालाच फरक सांगता येत नाही. घरातली हकिगत कळली तरच डॉक्टरांच्या मनात शंका येणार.

एवढ्याशा बाळात तो 'हूऽप' आवाज ऐकू येतो का, याची वाट बघत बसू नका. उबळ संपल्यावर जोरात श्वास आत ओढायला जी ताकद लागते, ती त्यांच्या अंगात बहुतेक वेळा नसते. त्यांचा श्वासच मधे थांबतो, ओठ काळेनिळे पडतात, दूध ओढता ओढता सोडून देतात, अंग ढिलं पडतं. यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, थेट रुग्णालय गाठायचं. मध चाटवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कुठल्याच कारणासाठी नको. आणि आंघोळीनंतरची ओवा-शेपांची धुरी बंद. अंगावरचं दूध मात्र चालू राहू द्या.

आता रिपोर्ट.

तिघांतला खरा कोणता, हा प्रश्न लॅबमध्ये मला सतत ऐकू येतो आणि मी उलट एकच विचारते: खोकल्याचा दिवस कितवा? डांग्या खोकल्याच्या तपासण्यांना पहिला नंबर, दुसरा नंबर असे देता येत नाहीत. जंतू नाकामागे ठाण मांडून असतात तेव्हा एक तपासणी चालते, ते निघून गेल्यावर दुसरी. शिवाय माणसाचं वय काय, अँटिबायोटिक पोटात गेलंय का, अलीकडे लस झालीय का, यावरही सगळं फिरतं. तुमच्या तिन्ही तपासण्या चांगल्याच होत्या. फक्त कुठे दिवस चुकला, कुठे पद्धत, कुठे माणूस.

भाच्यापासून सुरू करू. कल्चर खात्रीचं, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. जंतू प्लेटवर उगवला की वाद संपला. १९०६ साली ब्रसेल्समध्ये ज्यूल बोर्दे आणि ऑक्टाव्ह झांगू यांनी हा जंतू वेगळा वाढवून दाखवला, तोही बटाट्याचा अर्क, ग्लिसरीन आणि रक्त घालून बनवलेल्या खाद्यावर. बोर्दे यांच्यावरून जंतूचं नाव पडलं बोर्डेटेला पर्ट्युसिस. पण हा जंतू लॅबमध्ये फार नखरे करतो. कापसात जी थोडी फॅटी ॲसिडं असतात, तीसुद्धा त्याला सोसत नाहीत, म्हणून कापसाच्या बोळ्याची काडी बाद. डॅक्रॉनसारख्या कृत्रिम धाग्याची किंवा नायलॉनची लागते. प्लेटमध्ये कोळशाची पूड घालतात ती याचसाठी, नको ती आम्लं शोषून घ्यायला. सोबत सेफॅलेक्सिन घालतात, कारण नाकातले बाकीचे जंतू भराभर वाढून याला झाकून टाकतात. काडी कोरडी पडून चालत नाही, खास माध्यमात बुडवून न्यावी लागते. एवढं सगळं करून प्लेट दमट इनक्युबेटरमध्ये ठेवली तरी पहिले तीनेक दिवस काहीच दिसत नाही. मग भिंगाखाली पाऱ्याच्या थेंबांसारखे बारीक चकचकीत ठिपके दिसू लागतात. किमान सात दिवस, खरं तर दहा-बारा दिवस थांबल्याशिवाय 'नाही' म्हणता येत नाही.

आता तुमचा रिपोर्ट पुन्हा बघा. तिसऱ्या दिवशी आला आणि वर 'नॉर्मल फ्लोरा', म्हणजे घशात नेहमीच असणारे जंतू, असं लिहिलंय. म्हणजे घशाच्या स्वॅबचं रोजचं कल्चर झालं, टॉन्सिल सुजल्यावर करतात ते. त्या प्लेटवर डांग्याचा जंतू वाढवायची सोयच नसते, आणि असता तरी तिसऱ्या दिवशी दिसला नसता. लॅबनं खोटं काही लिहिलेलं नाही. फॉर्मवर जे लिहून आलं ते त्यांनी केलं. डांग्यासाठी कल्चर हवं असेल तर 'पर्ट्युसिस कल्चर' असं स्पष्ट लिहून, लॅबला आधी फोन करून, ती प्लेट त्यांच्याकडे आहे का हे विचारूनच नमुना द्यावा लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच येतं. अर्थात तुमच्या बाबतीत प्लेट असती तरी पाचवा आठवडा आणि आधी झालेलं ॲझिथ्रोमायसिन म्हणजे वरातीमागून घोडं.

पाच आठवडे खोकला आहे म्हणजे पाच आठवडे जंतू आहेत, असं आपण सहज धरून चालतो. इथेच सगळी गफलत होते. १९३२ साली अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहरात, पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघी सरकारी लॅबमधलं दिवसाचं काम उरकून संध्याकाळी घरोघर जायच्या. महामंदीचा काळ होता, पुष्कळ घरांत खायची भ्रांत. कंदिलाच्या उजेडात खोकणाऱ्या पोराच्या तोंडासमोर त्या खाद्याची प्लेट धरायच्या आणि त्याला तिच्यावर खोकायला लावायच्या. 'कफ प्लेट' म्हणतात तिला. ही पद्धत मूळची डेन्मार्कची. या दोघींनी ती रोगाचा मागोवा घ्यायला वापरली आणि त्याच कामातून पुढे चांगली लस तयार केली. सुरुवातीच्या आठवड्यांत प्लेटवर जंतू उगवायचे, पुढे तेच पोर तितकंच खोकत असायचं आणि प्लेट मात्र कोरी. कारण जंतूंच्या विषानं श्वासनलिकेच्या आतली बारीक केसाळ झालर खराब होते. जंतू गेले तरी ती भरून यायला कित्येक आठवडे लागतात, तोवर खोकला चालूच. तुम्ही आज कदाचित त्याच टप्प्यावर आहात.

पीसीआर. कोविडनंतर हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जंतू जिवंत असो वा मेलेला, त्याचा डीएनए सापडला की झालं. या जंतूच्या जनुकसाखळीत आयएस-४८१ नावाचा एक तुकडा पन्नासपासून दोनशेहून जास्त वेळा आलेला असतो. बहुतेक पीसीआर त्यालाच शोधतात, म्हणून मूठभर जंतू असले तरी पकडतात, आणि उत्तर एक-दोन दिवसांत मिळतं. खोकल्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत, फार तर चौथ्यापर्यंत, यासारखी दुसरी तपासणी नाही. पुढे डीएनए इतका कमी होतो की निगेटिव्ह आल्यानं काहीच सिद्ध होत नाही. अँटिबायोटिकचे पाच दिवस झाल्यावरही तेच.

आणि नमुना कुठला? नाकातून आत, सरळ मागच्या भिंतीपर्यंत घातलेल्या काडीचा. कोविडच्या वेळी डोळ्यांत पाणी यायचं ना, तिथला. हा जंतू तिथल्या केसाळ पेशींना चिकटून बसतो. घशात तशा पेशी नाहीत. तुमचा स्वॅब घशातला, आठवडा चौथा, औषध आधीच घेतलेलं. हा रिपोर्ट फाईलला लावा आणि विसरून जा. निगेटिव्ह आहे म्हणून डांग्या नव्हता, असं त्यावरून कुणी म्हणू नये.

पीसीआरची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण तुमच्या नातवाच्या रिपोर्टला ती लागू पडेल. २००६ साली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, डार्टमथ-हिचकॉक या मोठ्या रुग्णालयात कर्मचाऱ्यांमध्ये खोकल्याची साथ आली. पीसीआर लावला, शंभराहून जास्त जण पॉझिटिव्ह. सुमारे हजार कर्मचाऱ्यांची तपासणी झाली, रिपोर्ट येईपर्यंत त्यांना घरी बसवलं, हजारोंना अँटिबायोटिक आणि लस दिली गेली. पुढे नमुने कल्चर केले तेव्हा एकाही प्लेटवर डांग्याचा जंतू उगवला नाही. साप साप म्हणून भुई धोपटली गेली. खोकला खरा होता, पण बहुधा साध्या सर्दीच्या विषाणूंचा. एकाच तुकड्यावर भिस्त ठेवलेला पीसीआर, त्यातही अगदी काठावरचे पॉझिटिव्ह, आणि ज्यांना उबळही नाही अशांचीही सरसकट तपासणी, याचा तो परिणाम. आयएस-४८१ हा तुकडा बोर्डेटेला होल्मेसाय या भाऊबंद जंतूतही असतो, हीदेखील एक अडचण. म्हणून चांगली लॅब दुसरा एखादा तुकडाही तपासते, आणि सीटी आकडा (तो जितका मोठा, तितका नमुन्यातला डीएनए कमी) ३५ च्या पुढे असेल तर 'पॉझिटिव्ह' लिहिण्याआधी थांबते.

अजून एक बारीक गोष्ट. काही लशींमध्ये मेलेल्या जंतूचा डीएनए उरलेला असतो आणि तो लस देण्याच्या टेबलावर, हातमोज्यांवर लागतो. त्याच टेबलावर स्वॅब घेतला तर मुलाच्या नाकातला नसलेला जंतू रिपोर्टात येतो. बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात लसीकरण आणि स्वॅब एकाच खोलीत होत असतील तर 'स्वॅब दुसऱ्या खोलीत घेता का, हातमोजे बदलून?' असं विचारायला संकोचू नका. मी तरी विचारते.

एकाच काडीतून वीस जंतू शोधणारी जी महागडी पॅनेल निघालीत, त्यांच्यातही डांग्या असतो. पण काही पॅनेल साखळीत एकदाच येणारा तुकडा शोधतात, त्यामुळे जंतू थोडे असतील तर ती चुकतात. फक्त डांग्याचीच शंका असेल तर साधा पर्ट्युसिस पीसीआर स्वस्तही आणि बराही.

राहिलं रक्त. डांग्याचा जंतू पर्ट्युसिस टॉक्सिन (पीटी) नावाचं विष बनवतो आणि त्या कुळातला दुसरा कुठलाही जंतू ते बनवत नाही. त्या विषाविरुद्धचं आयजीजी, म्हणजे शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं, रक्तात चढायला दोन आठवडे लागतात, म्हणून खोकल्याच्या दुसऱ्या आठवड्यानंतर ही तपासणी कामाला येते आणि आठव्या, अगदी बाराव्या आठवड्यापर्यंतही उपयोगी असते. म्हणजे पीसीआरची वेळ सरते तिथून हिची सुरू होते. पाचव्या आठवड्यातल्या मोठ्या माणसाला मी हीच सांगितली असती. आठवड्याच्या हिशोबानं तुमच्या तिघांत वेळेवर झालेली तपासणी ही एकटीच.

पण दोन अडचणी आहेत. पहिली, ते ३८ युनिट कसले? २००८ पासून जागतिक आरोग्य संघटनेचं एक प्रमाण सीरम आहे, त्याच्याशी जुळवून आकडा 'आंतरराष्ट्रीय युनिट प्रति मिलिलिटर' मध्ये द्यायचा असतो. एकाच नमुन्यात साधारण १०० च्या वरचा आकडा युरोपातल्या बऱ्याच लॅब अलीकडच्या लागणीचा मानतात. ब्रिटनमध्ये ७० च्या वर. बाजारातल्या पुष्कळ किटची मात्र स्वतःची युनिटं असतात, त्यांत ११ च्या वर सगळं 'पॉझिटिव्ह', आणि विषाबरोबर एफएचए नावाचं आणखी एक प्रथिन मिसळलेलं असतं. ते प्रथिन या कुळातल्या इतर जंतूंतही असल्यामुळे मिश्र किटचं पॉझिटिव्ह पातळ होऊन जातं. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत पद्धत छापलेली असते. तिथे 'पीटी' एकटं आहे की 'पीटी अधिक एफएचए', आणि युनिट कुठलं, एवढं वाचा. नसेल छापलेलं तर लॅबला फोन करा. सांगणं त्यांचं कामच आहे. आयजीएम आणि आयजीए या दुसऱ्या जातींच्या प्रतिपिंडांच्या मागे तर लागूच नका, डांग्यात त्यांच्यावर निदान ठरवत नाहीत.

दुसरी अडचण मोठी आहे, आणि ती तुम्ही पत्रात जाता जाता सांगून गेलात: ते इंजेक्शन. सातव्या महिन्यात लेकीसोबत घेतलेलं इंजेक्शन जर टीडॅप असेल, तर त्यात धनुर्वात आणि घटसर्पासोबत डांग्याचीही लस असते, आणि तिनं तुमच्या रक्तात हेच आयजीजी चढवलेलं असणार. लशीनंतर वर्षभर ही रक्ततपासणी धरायची नसते. रक्ताला लस आणि लागण यांतला फरक कळत नाही. ते इंजेक्शन नुसतं टीटी (फक्त धनुर्वाताचं) किंवा टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाचं) असेल तर त्यात डांग्याचा अंश नाही आणि तुमच्या पॉझिटिव्हला थोडं वजन येतं. 'घरातल्यांनीही घ्या' असं डॉक्टर म्हणाले, त्यावरून ते टीडॅप असावं असा माझा अंदाज आहे. पण अंदाजावर जाऊ नका. औषधाच्या दुकानाचं बिल किंवा लेकीचं कार्ड शोधा. तुमच्या चौथ्या टेस्टपेक्षा ते बिल जास्त सांगेल, कारण बाळाचाही हिशोब त्याच कागदावर आहे. लेकीला टीडॅप मिळालं असेल तर तिची प्रतिपिंडं नाळेतून बाळाकडे गेलीत आणि बाळाला पहिल्या महिन्यांपुरतं बरंच संरक्षण आहे. टीडी असेल तर तेवढं नाही. बालरोगतज्ज्ञ हे विचारतीलच.

भाच्याची लाळेची टेस्टही जातीनं याच गटातली. इंग्लंडमध्ये हिरड्यांवर स्पंज फिरवून त्यातलं पीटीविरोधी आयजीजी मोजतात. ती सोय तिथे मुलांसाठी आहे, दोन आठवडे खोकून झाल्यावर, आणि वर्षभरात लस झाली नसेल तर. २०२४ मध्ये इंग्लंडात लॅबनं पक्के केलेले सुमारे १५ हजार रुग्ण निघाले, त्यामुळे तिकडच्या मराठी घरांतही या टेस्टची बरीच चर्चा झाली असणार. पण ५४ वर्षांच्या तुम्हाला ती तिथेही मिळाली नसती. जुन्या पुस्तकांत स्वॅबवर चमकणारे रंग चढवून मायक्रोस्कोपखाली बघण्याची आणखी एक पद्धत सापडेल. ती सोडून द्या. चुकतेही फार आणि नसलेलं दाखवतेही.

मग तुम्हाला डांग्या झालाय की नाही? दोन आठवड्यांच्या वरचा खोकला, उबळ, उबळीनंतर उलटी, ताप नाही, आणि तुमच्यामागून साधारण साडेतीन आठवड्यांनी घरात दुसरा खोकणारा. हे चित्र डांग्याशी जुळतं. रिपोर्ट मात्र एकही त्याला धड दुजोरा देत नाही आणि एकही त्याला खोडून काढत नाही. जाऊबाईंना सांगा, लशीची ताकद काही वर्षांत ओसरते, लहानपणी आजार होऊन गेल्याचीही ओसरते. मोठ्यांत सहसा हूप नसते, नुसता हट्टी खोकला असतो, म्हणून कुणी डांग्या म्हणत नाही, आणि बाळापर्यंत तो पुष्कळदा घरातल्या मोठ्या माणसाकडूनच पोचतो.

आता ज्याची तपासणी करायला हवी तो तुमच्या पत्राच्या शेवटी एका ओळीत येऊन गेलाय: नऊ वर्षांचा नातू. दहावा दिवस, अँटिबायोटिक अजून घेतलेलं नसेल असं धरते. पीसीआरसाठी याहून चांगला रुग्ण नाही. गोळी सुरू करण्याआधी नाकाच्या मागचा स्वॅब, डॅक्रॉन किंवा नायलॉनच्या काडीनं, आणि मोठ्या लॅबला पाठवायची सोय असेल तर त्याच वेळी दुसरी काडी पर्ट्युसिस कल्चरला. कल्चर एवढ्यासाठी की चीनमध्ये ॲझिथ्रोमायसिनला न जुमानणारे डांग्याचे जंतू मोठ्या प्रमाणावर पसरलेत, इतर देशांतही सापडतायत, आणि औषध लागू पडतं का हे नीट तपासायला जिवंत जंतू हाताशी लागतो. त्याचं रक्त आत्ता काढू नका, दहाव्या दिवशी आयजीजी चढलेलंच नसतं. त्याचे डीपीटीचे सगळे डोस झालेत म्हणून त्याला होणार नाही, असंही धरू नका; पाचव्या वर्षीच्या बूस्टरला आता चार वर्षं झाली. त्याचा पॉझिटिव्ह आला तर तुमचं निदानही जवळपास त्याच्यासोबत पक्कं होतं, पुन्हा पैसे न घालवता. आणि स्वॅब दिल्यावर रिपोर्टची वाट बघत औषध थांबवायचं नाही. अँटिबायोटिकचे पाच दिवस पूर्ण होईपर्यंत त्याला शाळा नको आणि बाळाची खोली तर अजिबात नको.

बाळाचं रक्त आयजीजीसाठी कुणी काढू म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा. त्यात जे सापडेल ते आईकडून आलेलं असेल. बाळासाठी नाकामागचा स्वॅब किंवा बारीक नळीनं ओढलेला स्राव, त्याचा पीसीआर. सोबत साधं सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी: लहान बाळांत डांग्या असेल तर पांढऱ्या पेशी, त्यातही लिम्फोसाइट, कधीकधी चकित करणाऱ्या आकड्यांपर्यंत चढतात. निदानाला त्याची मदत होतेच, पण खरी किंमत वेगळी आहे. तो आकडा झपाट्यानं वाढत असेल तर बाळाला मोठ्या रुग्णालयात हलवायची वेळ आली हे डॉक्टरांना कळतं. एका तासात निघणारी साधी तपासणी आहे ही, आणि पीसीआरच्या गडबडीत राहून जाते. तुम्ही आठवण करा.

घरात महिन्याभराचं बाळ असल्यामुळे बाकीच्या सगळ्यांना, लेकीला धरून, प्रतिबंधक अँटिबायोटिक द्यायचं का, हेही त्याच भेटीत विचारा. अशा घरात ते सहसा देतात. डोस तेच ठरवतील. नातवाच्या बाटलीतलं थोडं बाळाला, असला प्रकार नको. महिन्याच्या आतल्या बाळाला ॲझिथ्रोमायसिनच्या गटातलं औषध दिल्यावर जोरानं फेकून उलट्या होतात का यावर लक्ष ठेवायला सांगतात, तेही ऐका.

मांडीवर घेण्याचं. डांग्यापुरतं बोलायचं तर खोकला सुरू होऊन तीन आठवडे उलटलेत आणि ॲझिथ्रोमायसिनचे पाच दिवसही पूर्ण झालेत, म्हणजे तुमच्याकडून बाळाला आता डांग्याचा धोका जवळजवळ नाही. तो धोका बाळ घरी आलं त्या पहिल्या दिवसांत होता, आणि म्हणूनच कालच्या चोंदलेल्या नाकाकडे मी एवढी गंभीरपणे बघतेय. बाळाचा दीड महिन्याचा लशीचा डोस मात्र ठरल्या दिवशी टोचून घ्या, मधे डांग्या झाला तरीही. पुढचे अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोसही लांबवू नका.

तरीही आज मी तुम्हाला मास्क लावून, खिडकी उघडी ठेवूनच बाळाजवळ बसा म्हणेन, आणि याचं कारण तुमच्या चौथ्या टेस्टमध्ये आहे. साडेसात हजार खर्च झाले, तरी आपल्याकडे दोन आठवड्यांच्या वर खोकणाऱ्या कुणाचीही जी तपासणी पहिली व्हायला हवी, ती झालेलीच दिसत नाही: क्षयरोगाची. छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (दोन्ही थुंकीत क्षयजंतूचा डीएनए शोधतात). सरकारी केंद्रात ती फुकट होते. सकाळी उठल्यावर तोंड साध्या पाण्यानं धुऊन, छातीतून ओढून काढलेला बेडका लागतो. नुसती लाळ दिली तर रिपोर्टला अर्थ राहत नाही. तुम्हाला क्षय असेल असं मला लक्षणांवरून वाटत नाही, पण घरात तान्हं बाळ असताना हे वाटण्यावर सोडायचं नसतं. आणि त्याच भेटीत बीपीच्या गोळीची पट्टी डॉक्टरांना दाखवा. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या जातीच्या गोळ्यांनीही कोरडा खोकला महिनोन्महिने राहतो. तसं निघालं तर गोळी मनानं बंद करायची नाही, त्यांच्याकडून बदलून घ्यायची.